पावसाळ्यात लाकडी किटच्या भिंती का वाकतात आणि वॅगन रुळावरून का उतरते

मार्च-एप्रिलमध्ये जोडलेलं मॉडेल रेल्वेचं लाकडी स्टेशन जुलैत कपाटातून काढावं, तर पुढची भिंत पोटात गेलेली. खालची कड पायथ्यावरून सुटून पुढे आलेली, वरची कड छपराला बाहेर रेटतेय आणि कोपऱ्याच्या सांध्यात नख शिरेल एवढी फट. शेजारची लाकडी मालवॅगन उन्हाळ्यात सगळा लेआउट, म्हणजे मांडलेला सगळा रूळमार्ग, बिनचूक फिरत होती. आता ती प्रत्येक पॉइंटवर, म्हणजे रूळ दुसऱ्या मार्गाला फुटतो तिथे, उतरते, आणि उतरतं ते नेहमी तेच एक चाक. दिवाळीनंतर भिंत बरीचशी सरळ होते, फट मात्र राहते. मग फटीत गोंद भरायचा, वरून रंगाचा हात फिरवायचा, आणि पुढच्या जुलैत पुन्हा तेच.

माझ्या घरी, ठाण्यात, हे तीन पावसाळे चाललं. ज्यांच्याकडे अजून चालू आहे त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितेय. किट खराब नसतं आणि तुमचा हातही खराब नसतो. लाकडाच्या दोन बाजू सारखं पाणी पीत नाहीत, एवढंच झालेलं असतं. जोडणीच्या आधी एक संध्याकाळ दिली तर हे टळतं, आणि जोडून झालेली मॉडेलंही बहुतेक वेळा वाचवता येतात.

आधी माझं मॉडेल कोणतं ते सांगते, कारण दुखण्याचं मूळ तिथेच आहे. मी १:८७ प्रमाणात, म्हणजे एचओमध्ये, कोलोरॅडोच्या तीन फुटी नॅरोगेजचा एक कोपरा करतेय. डेन्व्हर अँड रिओ ग्रँड ही कंपनी १८८० च्या सुमारास रॉकी पर्वतात ९१४ मिलिमीटर गेजचे रूळ टाकत गेली आणि १८८२ मध्ये तिची गाडी डुरँगोहून सिल्व्हर्टनच्या खाणींपर्यंत पोचली. त्याच वर्षीचं डुरँगोचं लाकडी स्टेशन आजही उभं आहे आणि आजही तिथूनच वाफेची गाडी सुटते. त्या काळच्या स्टेशनांची आणि लाकडी बॉक्सकारची, म्हणजे बंद मालवॅगनची, लेझरने कापलेली किटं मिळतात. लाकूड बासवूड, पांढरट, मऊ, बारीक पोताचं. हातात घेतलं की कामाला लागावंसं वाटतं.

पण हे लाकूड कापलं आणि पाकिटबंद केलं गेलं ते कोरड्या हवेत. हवेत ३० टक्के आर्द्रता असेल तर लाकडात स्वतःच्या वजनाच्या साधारण ६ टक्के पाणी मुरतं. आर्द्रता ८५ टक्के झाली की तेच लाकूड १७-१८ टक्क्यांपर्यंत जातं. लाकूड सगळ्या दिशांनी सारखं फुगत नाही. रेषेच्या दिशेने, म्हणजे तंतूंच्या लांबीत, ते जवळजवळ हलत नाही. रेषेला आडवं मात्र चांगलंच फुगतं. ओलं बासवूड पूर्ण सुकवलं तर आडवं साडेसहा ते सव्वानऊ टक्के आक्रसतं, हे लाकडाच्या तक्त्यांमध्ये दिलेलंच असतं. त्या हिशेबाने ७० मिलिमीटर उंचीची भिंत कोलोरॅडोसारख्या कोरड्या हवेतून ठाण्याच्या जुलैत आली की सुमारे २ मिलिमीटर वाढते.

वाढली तर वाढू दे, ती सरळ राहूनही वाढू शकते. वाकते ती दोन बाजू वेगवेगळ्या वाढल्यामुळे. आपण भिंत बाहेरून रंगवतो आणि आतली बाजू कोण बघतंय म्हणून कोरी ठेवतो. पावसाळी हवा रंगाच्या बाजूने हळूहळू शिरते, कोऱ्या बाजूने भराभर. आतली बाजू फुगते, बाहेरची मागे राहते, आणि भिंत आतल्या अंगाला पोट काढते. दीड मिलिमीटर जाडीच्या भिंतीत दोन बाजूंमध्ये अर्ध्या टक्क्याचा फरक पडला, तरी ७० मिलिमीटर उंचीवर मधला भाग २ मिलिमीटर सरकतो. खऱ्या स्टेशनात हा बाक जवळजवळ ७ इंचांचा होईल.

ही गोष्ट मला उमगली ती आमच्या इमारतीत दारं बसवायला आलेल्या सुतारकाकांमुळे. ते नवीन दार आडवं ठेवून पॉलिश करत होते. दोन्ही बाजू झाल्यावर त्यांनी दार उभं केलं आणि वरच्या-खालच्या कडांनाही हात मारला. त्या कडा बसवल्यावर कुणाला दिसणारही नव्हत्या. मी विचारलं तर म्हणाले, "ताई, पॉलिश एका बाजूने मारलं की दार पिळतं. आणि कड कोरी राहिली तर पाणी तिथूनच पितं. मग पावसात दार अडलं की लोक सुताराला बोलावतात रंधा मारायला." मी घरी येऊन माझं स्टेशन उलटं केलं. चारही भिंती आतून कोऱ्या, खिडक्यांच्या कडा कोऱ्या, पायाची कड कोरी.

म्हणून पहिला उपाय हा: एकही तुकडा जोडण्याआधी सगळे मोठे तुकडे दोन्ही बाजूंनी आणि सगळ्या कडांनी बंद करायचे. मी चपडा लाख वापरते. पॉलिशचं सामान विकणाऱ्या दुकानात चपडा आणि स्पिरिट दोन्ही मिळतात. हवेतला ओलावा अडवण्यात लाखेइतकी चांगली आणि इतकी पातळ बसणारी दुसरी वस्तू मला मिळालेली नाही. शिवाय ती स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे लावताना लाकडाला पाणी लागतच नाही. १०० मिली स्पिरिटला १० ते १२ ग्रॅम चपडा, झाकणाच्या काचेच्या बरणीत, रात्रभर. सकाळी तळाशी गढूळ थर बसलेला दिसेल, ते लाखेतलं मेण. वरचं निथळ दुसऱ्या बरणीत ओतून घ्या. मेण राहिलं तर वरचा अ‍ॅक्रिलिक रंग नीट धरत नाही. चपडा शक्यतो ताजाच घ्या, कारण वर्षानुवर्षं पडून राहिलेला चपडा चिकट राहतो, वाळत नाही. काम करताना खिडकी उघडी ठेवा, आणि गॅस किंवा देवघरातली समई जवळ नको.

हात पातळच मारायचा. मऊ ब्रशने एक बाजू, लगेच उलटून दुसरी बाजू, मग कडा. खिडकी-दारांच्या कापलेल्या भोकांच्या आतल्या कडा विसरू नका, कारण रेषेची तोंडं तिथे उघडी पडलेली असतात आणि पाणी तिथूनच सगळ्यात जास्त शिरतं. पंधरा-वीस मिनिटांत हाताला कोरडं लागतं. ४०० नंबरच्या काचपेपरने हलकं घासून दुसरा हात. एवढं पुरतं. ज्यांना रंग न देता जुन्या, पावसापाण्याने राखाडी झालेल्या लाकडाचा भास हवा असेल, त्यांनी आधी रंगछटा चढवून घ्यावी आणि मग लाख मारावी. उलट क्रम केला तर छटा लाकडात मुरणार नाही.

लाख मारायचा दिवस निवडताना काळजी घ्या. भर पावसात मारली तर ती पांढुरकी पडते, कारण स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं पाणी त्यात अडकतं. मी हे काम नोव्हेंबर ते मे एवढ्यातच उरकते. किट ऑगस्टमध्ये हातात पडलं तर पाकीट न फोडता ठेवून देते. मन आवरत नाही, पण ठेवते.

दुसरा उपाय आधारपट्ट्यांचा, आणि चूक सगळ्यात जास्त इथे होते. एकावर एक चढवलेल्या आडव्या फळ्यांची नक्षी असलेला लाकडाचा पत्रा बहुतेक वेळा आडव्या रेषेचाच असतो. तो फुगतो वर-खाली, म्हणून त्याचा बाकही वर-खाली पडतो. तरीही आपण भिंतीच्या आतून लांबलचक आडव्या पट्ट्या चिकटवतो, कारण भिंत लांब दिसते आणि लांबीला आधार हवासा वाटतो. त्या पट्ट्यांचा उपयोग शून्य. ज्या दिशेला भिंत कधी वाकणारच नव्हती, त्या दिशेला आपण ती घट्ट धरून ठेवतो. पट्टी रेषेला आडवी, म्हणजे या भिंतीत उभी, पायापासून छपरापर्यंत हवी. तुमच्या किटच्या भिंतीची रेषा कुठे जाते ते आधी बघून घ्या. उभ्या फळ्यांची भिंत असेल तर हेच सगळं उलटं होईल.

पट्टी जाड असू द्या. दीड मिलिमीटरच्या भिंतीला मी निदान चार बाय चारची चौकोनी पट्टी लावते, प्रत्येक खिडकीच्या दोन्ही बाजूंना एक, शिवाय दोन कोपऱ्यांत एक एक. बारीक पट्टी लावणं न लावण्यापेक्षा वाईट. पट्टी आपल्या लांबीत फुगत नाही आणि भिंत फुगते, त्यामुळे एका बाजूने धरलेली भिंत बारीक पट्टीलाच सोबत घेऊन बाहेर पोट काढते. जाड पट्टी वाकत नाही. मात्र लाख न मारलेल्या भिंतीला नुसत्या पट्ट्या लावून भागणार नाही. मी पहिल्या वर्षी तेवढंच केलं होतं. भिंत सरळ राहिली, पण दाराच्या चौकटीवरून छपरापर्यंत रेषेत चिरली.

गोंदाबद्दल थोडक्यात. पांढऱ्या लाकडी गोंदात, ज्याला आपण सरसकट फेविकॉल म्हणतो, पाणी असतं. मोठ्या सपाट भागावर तो पसरला की भिंत चिकटवतानाच वाकते. छोट्या सांध्यांना तो उत्तम, पण लाखेवर धरत नाही. म्हणून जिथे गोंद लागणार तेवढी पट्टी काचपेपरने लाकडापर्यंत घासून मोकळी करा. लेझरने कापलेल्या तपकिरी कडेवरची काजळीही त्याच हाताने निघते, कारण काजळीवर कोणताच गोंद भरवशाचा नाही. सांधा वाळला की त्या रेघेवर परत लाखेचा एक हात. कोपरे जोडताना गुण्या लावून बघा आणि चिकटलेलं मॉडेल कडप्प्याच्या सपाट तुकड्यावर रात्रभर राहू द्या.

आता जे आधीच वाकलंय त्याचं काय. इथे बहुतेक जण भिंत ओली करून वजनाखाली ठेवायला सांगतात. कोऱ्या लाकडाला ते चालतं, बाहेरून रंगवलेल्या भिंतीला मात्र ते उलटं पडतं. आतली बाजू आधीच जास्त प्यायलेली आहे, तिला आणखी पाणी दिलं तर बाक वाढतोच. तिला कोरडी करायची.

मी हे असं करते. छप्पर सुटं होत असेल तर काढते. मॉडेल घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात ठेवते आणि आत सिलिका जेलच्या पुरचुंड्या. नारिंगी दाण्यांची घ्या, ओलावा पिऊन भरली की ती हिरवी होतात आणि ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवली की परत नारिंगी. डब्यात एक साधं डिजिटल आर्द्रतामापक टाकते. माझ्या खोलीत ८६ दाखवणारा आकडा डब्यात दुसऱ्या दिवशी ४० च्या खाली येतो. चार-पाच दिवस हात लावायचा नाही. हेअर ड्रायर किंवा ऊन वापरायची घाई नको, कारण एकदम तापवलं की रंग फुटतो आणि भिंत दुसऱ्याच दिशेला पिळते.

पाचव्या दिवशी भिंत बहुतेक सरळ झालेली असते. बाहेर काढल्यावर पुढचा अर्धा तास महत्त्वाचा. तेवढ्यात आतल्या कोऱ्या बाजूला, पट्ट्यांची जागा सोडून, लाखेचा पहिला हात, लगेच उभ्या जाड पट्ट्या, आणि परत डब्यात. दुसऱ्या दिवशी दुसरा हात. हे काम पावसाळ्यातच करावं लागलं तर खोलीत एसी तासभर आधी लावून ठेवा, त्याने हवेतलं पाणी कमी होतं. थोडा बाक तरीही उरला तर भिंतीच्या आत, पट्ट्यांना टेकून, एक आडवी ठोकळी घालून कोपऱ्यांना बांधून घ्या. फटीत आत्ताच काही भरू नका. भिंत सरळ झाल्यावर ती फट केसाएवढी उरते किंवा मिटते.

सगळं वाचतंच असं नाही. एमडीएफची कड एकदा पाण्याने फुगली की ती परत बसत नाही, तो तुकडा नवाच कापून घ्यावा लागतो. तीन थरांच्या प्लायवर लेझरने विटांची खोल नक्षी कोरलेली असेल तर वरचा थर जागोजाग तुटलेला असतो, आणि असा तुकडा कोपऱ्यातून पिळतो. त्याला मागून तेवढ्याच जाडीचा दुसरा प्लाय चिकटवणं हाच खात्रीचा मार्ग. मागे चिकट पट्टी असलेली छपराची कौलं आणि खिडक्यांच्या चौकटी दमट हवेत सुटतात, त्यांना प्रत्येकी गोंदाचा एक टिपका द्या.

आता वॅगनकडे. माझी बॉक्सकार रिओ ग्रँडच्या ३००० मालिकेतली. मूळ गाड्या १९०४ च्या, ३० फुटी, लाकडी सांगाड्याच्या. मॉडेलमध्ये ती १०५ मिलिमीटरची होते. एवढ्याशा गाडीचा तळ पिळला की एक चाक रुळावर टेकतच नाही, तरंगतं. सरळ रुळावर चालून जातं, पॉइंटवर उतरतं.

तपासायला काच घ्या. दोन्ही ट्रक, म्हणजे गाडीखालचे चाकांचे सांगाडे, काढून तळ काचेवर ठेवा आणि चारही कोपरे बोटाने दाबून बघा. कोणता कोपरा डुगडुगतो? त्याच्याखाली साध्या झेरॉक्सच्या कागदाच्या पट्ट्या एकेक करून सरकवा. एक कागद साधारण ०.१ मिलिमीटरचा. दोन कागदांपर्यंतचा पीळ स्क्रू जुळवून निभावतो, तीन-चार जायला लागले तर तळच सरळ करायला हवा.

निभावण्याची रीत जुनी आणि छान आहे. एका टोकाच्या ट्रकचा स्क्रू इतका आवळायचा की ट्रक वळेल पण डावी-उजवीकडे डुलणार नाही. दुसऱ्या टोकाचा मात्र थोडा सैल, सगळ्या बाजूंना डुलेल असा. तीन पायांचं स्टूल कुठेही न डुगडुगता बसतं, तसं गाडीचं होतं. मग वजन बघा. अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीप्रमाणे या गेजच्या एवढ्या लांबीच्या गाडीला सुमारे ६५ ग्रॅम हवेत, आणि नुसतं लाकडी किट त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. आत लोखंडी नट टाकणार असाल तर त्यांनाही लाख मारा, नाहीतर गंजाचा डाग फळ्यांतून बाहेर येतो.

पण तळ पिळण्याचं एक कारण हवेत नसून आपल्या हातात असतं. लाकडी वॅगनच्या पोटाखालून लांबीला लोखंडी सळया गेलेल्या असतात, ट्रस रॉड. लाकडी सांगाडा माल भरून भरून मधे झुकायला लागला की कारखान्यातली माणसं त्या सळयांवरचे फिरकी पेच आवळून गाडीचं पोट परत वर उचलायची. म्हणजे खऱ्या गाड्यांनाही हेच दुखणं होतं, आणि औषध गाडीतच बसवलेलं होतं. मॉडेलमध्ये त्या जागी नायलॉनचा दोरा येतो आणि तो ताणून बांधला की दिसतो सुरेख. पण दीड-दोन मिलिमीटरच्या तळावर तो ताण खऱ्यासारखाच काम करतो आणि एखादा दोरा जास्त ओढला गेला तर तळ कोपऱ्यातून पिळतो. डुगडुगणाऱ्या कोपऱ्याच्या बाजूचा दोरा कापून बघा. माझ्या दोनपैकी एक वॅगन तेवढ्यानेच काचेवर सपाट बसली. आता मी तिथे ०.३ मिलिमीटरची पितळी तार आधी वाकवून, ताण न देता बसवते.

आपल्याकडची बार्शी लाइट ही नॅरोगेज रेल्वे करू बघणाऱ्यांना यातला अर्धा त्रास वाचतो. ७६२ मिलिमीटरचं गेज १:८७ मध्ये पावणेनऊ मिलिमीटर होतं, म्हणजे सहज मिळणारा ९ मिलिमीटरचा एन गेजचा रूळ जवळजवळ बरोबर बसतो. आणि १८९७ मध्ये सुरू झालेल्या या लाइनसाठी एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरने इंग्लंडमधल्या लीड्समध्ये बनवून घेतलेल्या गाड्यांचे सांगाडे दाबीव पोलादाचे होते. मूळ सांगाडा लाकडी नाही, तर मॉडेलचाही लाकडात करू नका. प्लॅस्टिकचा पत्रा किंवा पितळ घ्या. पुण्यात कोथरूडला जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात गेलात तर १९९८ पासून धावणाऱ्या गाड्यांचं खालचं अंग जरूर बघा. गाडी न उतरण्यासाठी तळ किती सपाट लागतो ते डोळ्यांना कळतं.

राहिली ठेवण्याची जागा. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको, पावसात ती भिंत ओल धरते. काचेच्या पेटीत ठेवणार असाल तर पेटीचा लाकडी पायाही खालून-वरून लाख मारून बंद करा, नाहीतर तोच आत पाणी सोडत राहतो. आणि पेटीत सिलिका जेलची वाटी अशा कोपऱ्यात ठेवा की येता-जाता दिसेल. माझी फलाटाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीमागे आहे. यंदा जुलैत ती दर नवव्या-दहाव्या दिवशी हिरवी होत होती.